सांगून राह्यलो

दिवाकर गेल्याची बातमी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आली, तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ‘दारव्ह्याचा तत्त्वज्ञ हरपला’ आणि खाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. मी मोबाइल पालथा ठेवला आणि शेंगा सोलत राहिलो. चाळीस वर्षांची मैत्री, पण डोळ्यांत पाणी काही आलं नाही. शोकसभेत कुणी त्याला व्रतस्थ म्हणालं, कुणी ऋषितुल्य. मला हसू आवरेना, म्हणून चपला घालून बाहेर पडलो.

चांगलं काय ते कळूनही माणूस वाईट का करतो, हा त्याचा लाडका विषय. इच्छाशक्तीची दुर्बलता. दरवर्षी तो हे इतकं रंगवून शिकवायचा की कॉमर्सची पोरंही खिडकीत उभी राहायची. एक जुना ग्रीक म्हणतो, वाईट करणाऱ्याला चांगलं कळलेलंच नसतं. दुसरा म्हणतो, कळलेलं असतं, पण त्या घटकेला ते ज्ञान झोपी गेलेलं असतं. तास संपला की दिवाकर बसस्टँडसमोरच्या टपरीवर यायचा आणि तळहातावर प्लास्टिकमध्ये खर्रा घोटायला लागायचा. सुपारी, तंबाखू, चुना. मी म्हणायचो, “काहून बे, आत्ताच तर शिकवून आला ना?” तो शांतपणे बार भरायचा. “सोडून राह्यलो ना बे.”

पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या वऱ्हाडीत ‘सोडून राह्यलो’ म्हणजे सोडतो आहे, सोडण्याचं काम चालू आहे. असं काम माणूस जन्मभर चालू ठेवू शकतो. त्यानं ठेवलं. शेवटी तो गेला तोही हृदयविकारानं, तोंडाच्या कॅन्सरनं नाही, म्हणजे खर्ऱ्यानंही त्याच्याकडून काही सोडवून घेतलं नाही.

आम्ही बौद्ध, ते कपाशी-तुरीच्या मोठ्या वावरांचे मालक. तो आमच्या चुलीपुढे बसून माझ्या मायच्या हातची भाकर खायचा. त्याच्या घरी मात्र माझा चहा ओसरीवर यायचा, कानतुटक्या कपात, आणि तो कप परत ओसरीच्याच फळीवर जायचा. दिवाकरला हे दिसत नव्हतं असं नाही. वाटेत मान खाली घालून म्हणायचा, “मायले समजावून राह्यलो.” मी ऐकून घ्यायचो. वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, आज ना उद्या समजावेल.

मग माझी धाकटी बहीण सुजाता आणि तो... दोघांचं जमलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घरात कुणालाच नाही. सात वर्षं! सात वर्षं सुजाता विचारायची आणि हा गृहस्थ म्हणायचा, “घरी सांगून राह्यलो.” तिच्यासाठी आलेली तीन स्थळं तिनं या एका क्रियापदावर परत पाठवली. आणि एक दिवस त्याच्या आईनं राळेगावची मुलगी पाहिली. त्या मुलीला होकार द्यायला याला एक सकाळ पुरली.

म्हणून मला त्या ग्रीकांचं काही पटत नाही. कसली दुर्बलता? विभागप्रमुखपदासाठी हा माणूस पहाटेची गाडी पकडून महिनाभर विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवत होता, तेव्हा नाही त्याची इच्छाशक्ती थकली. मन चांगलं भक्कम होतं त्याचं. फक्त ते कायम सोयीच्या बाजूनं उभं असायचं. स्वतःला दुबळा म्हटलं की लोक कीव करतात, भित्रा म्हटलं की थुंकतात, एवढाच फरक. तो शहाणा होता, त्यानं पहिला शब्द घेतला.

सुजाताला त्याचं लग्न कळलं ते पत्रिकेवरून. ती शिकवायची त्या शाळेच्या पत्त्यावर आली होती. तिनं बदली मागून मारेगाव गाठलं, तिथेच मुख्याध्यापिका झाली, लग्न केलं नाही. तेव्हापासून तिचा मला एकच प्रश्न आहे, “दादा, त्यानं निदान कोणाजवळ तरी सांगाले पाह्यजे होतं ना?” मी दर वेळी म्हणायचो, नालायकच होता तो. आणि दर रविवारी त्याच नालायकाबरोबर टपरीवर चहा प्यायचो. तीस वर्षं.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोनं मला बोलावलं. चहा आत, टेबलावर, चांगल्या कपात आला. तिनं खर्ऱ्याची स्टीलची डबी पुढे सरकवली. “भाऊजी, हे तुमालेच द्या म्हणे ते.” घरी येऊन उघडली. चुन्याचा डाग पडलेली चिठ्ठी होती, सुजाताच्या नावानं. दोनच ओळी. ‘लग्न ठरलं त्याच दिवशी मी तुझ्या दादाला सांगितलं होतं. तुला सांगतो म्हणाला, आणि मी त्याच्यावर टाकून मोकळा झालो.’

खरं आहे. पत्रिका येण्याआधी पंधरा दिवस मला माहीत होतं. मी रोज सुजातासमोर जेवायला बसायचो. ती स्वतःच्या लग्नात नेसायच्या साडीचा रंग विचारायची आणि मी, हिरवा बरा, असं म्हणायचो. दिवाकर टपरीवर विचारायचा, “सांगतलं का तिले?” आणि मी, जो त्याच्या क्रियापदाला हसत आलो तो मी, म्हणायचो, “सांगून राह्यलो.”

डबी आणून तीन आठवडे झाले. तिला अजून खर्ऱ्याचा वास येतो. सुजाताचा फोन येतो, “दादा, काही ठेवलं का रे त्यानं माह्यासाठी? तू कधी येतं?” दोनदा मी बसस्टँडवरून परत आलो. तिसऱ्यांदा हा लेख लिहायला बसलो, कारण ही पुरवणी मारेगावला सकाळी पोचते आणि सुजाता ती पहिल्या पानापासून वाचते. तोंडानं सांगायची हिंमत मला साठाव्या वर्षीही झाली नाही. दिवाकरवर थुंकायला निघालो होतो... राहू द्या.

सुजाता, चिठ्ठी माझ्याजवळ आहे. ‘घेऊन येऊन राह्यलो’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात उभा असेन. उघडायचं की नाही, ते तू ठरव.