पुसलेलं कडं

"गावाकडची आहे ना... तिला सगळीकडे धूळच दिसणार!"

ऑनलाइन मीटिंगमध्ये माझे पीएचडीचे सर माइक बंद करायला विसरले होते. दोन-तीन जण हसले. मी पिंपळवंडीला, आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेले. माझा माइक नेहमीप्रमाणे बंद. मीही.

या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. असलं काही मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण राग जात नाहीये.

एका तेजोमेघातल्या तरुण ताऱ्यांभोवतीची धूळ हा माझा विषय – इन्फ्रारेडमधून. आमच्याकडे उसात बिबट्या शोधायला थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन उडवतात ना, साधारण तसंच. उजेडाऐवजी ऊब बघायची. एका ताऱ्याभोवती मला धुळीचं फिकट कडं सापडलं होतं. माझं पहिलं.

"कॅमेऱ्याचा दोष आहे तो," सर म्हणाले होते. "काढून टाक. नाहीतर पेपरवर तुझं नाव नसेल."

काढलं. माझ्या हातांनी फाइलमधल्या तिथल्या आकड्यांच्या जागी शून्यं भरली. उरला काळा चौकोन. फक्त ती पुसलेली फाइल घेऊन मी गावी आले.

त्या मीटिंगमध्ये तीच फाइल स्क्रीनवर लावली. मागे आई शेंगा सोलत होती.

"काय गं ते? लई चकाकतंय... निखाऱ्यावानी."

चौकोनाच्या जागी कडं होतं. मुळातही नव्हतं इतकं ठळक.

"काढ म्हटलं होतं ना?" सर कडाडले. म्हणजे त्यांनाही दिसत होतं! "बिबट्या आहे का तो, जपून ठेवायला?"

पुन्हा हशा.

"मी पुसलं होतं गं," मी आईकडे वळून पुटपुटले.

"ह्यो बाबा वरडतोय कशापाई?" आई म्हणाली. "आन् तू तरी पुसायला कशाला गेली व्हतीस?"

मी आकडे उघडले. त्या जागी शून्यं. सगळी शून्यं.

मीटिंगमधल्या एका मैत्रिणीने तेव्हा घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कडं स्पष्ट आहे. माझ्या फाइलमध्ये आजही काळा चौकोन. सॉफ्टवेअर, स्क्रीन – सगळं तपासून झालं... कारण सापडलेलं नाही.

त्या दुपारी खरं तर घाबरायला हवं होतं. पण कान तापले होते. ते हसणं अजून चालूच होतं.

"आत्ता काढ," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर."

मी माइक चालू केला.

"सर, मी काढलं होतं. आता तुम्ही काढून दाखवा."