दिवा वाढव गं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. कुणाच्या अंगात आलं की ‘आधी ताप बघा’ म्हणणारी मी बाई... पण आज तसली एक गोष्ट मीच लिहितेय.

खोडाळ्यात बाजाराच्या मागे आमचं घर. सासूबाई मूळच्या पोशेऱ्याच्या, यंदा अंथरुणाला खिळल्यात. तोंडात एक दात नाही, पण गोष्ट ऐकायची हौस दांडगी! म्हणून जव्हारहून एक मासिक आणलं आणि दुपारी त्यातली कथा त्यांना वाचून दाखवली.

शी! काय ती कथा. आजारी सासू रोज सुनेला सांगते, “झोपताना दिवा वाढव गं.” शेवटी सून तिच्या तोंडावर उशी दाबते. सासू उशीला कचकन चावते, लाळ गळते... सगळं अगदी चवीनं लिहिलंय. मग सून म्हणते, “वाढवला हो, आई.” आणि लेखक महाशय त्या कैदाशिणीला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘गुणाची सून’ म्हणतात! मी मासिक भिरकावलं. आमचे हे मास्तर – म्हणाले, “अगं, उपरोध आहे तो. उलटं वाचायचं.”

म्हटलं, “मला उलटी येतेय, तेवढी पुरे!”

सासूबाई मात्र खूश. “बरी हाय ती सून,” म्हणाल्या, “म्हातारीला उजेड केला.” दिवा वाढवणं म्हणजे विझवणं, हे त्यांना कुठलं माहीत? त्यांच्या घरची बोली वेगळी. वाढवला म्हणजे मोठा केला! उशीचं त्यांना वाटलं, सून मायेनं तोंड पुसतेय. मी समजावणार होते, पण जीभ रेटेना. ज्या हातानं मी त्यांना आंबील भरवते, त्या हाताची त्यांना धास्ती बसली तर?

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीला टेकू द्यायला ट्रंकेतली पाहुण्यांची उशी काढली. मधोमध ओली, चिकट. शिळ्या लाळेचा भपकारा! आणि अभ्र्यावर दातांचे वळ – वरची रांग, खालची रांग, एकही दात कमी नाही. सोड्याच्या गरम पाण्यात धुतली, उन्हात टाकली. दुपारी बघते तर तशीच ओली. माझ्या बोटांना तार आली... मी परसात जाऊन भडाभडा ओकले आणि उशी जाळून टाकली.

हे म्हणतात उंदीर. असेल बापडा उंदीर, माणसाच्या दातांचा! मला तरी आजवर उलगडा झालेला नाही.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते, तर सासूबाई बोळक्या तोंडानं हसत म्हणाल्या, “सुने, माझा पन दिवा वाढव गं. तू पन गुणाची हायस.”

आता रोज तिन्हीसांजेला तेच मागतात. मी म्हणते, “लावते हो, आई.” दुसरा शब्द तोंडातून निघू देत नाही. आणि त्यांची उशी सरळ करायची असली, की यांना हाक मारते.