चौथ्या ट्रॅकवरचे शालिकरामजी

अकोल्यात जानरावांना लोक लग्नातले माइकवाले म्हणूनच ओळखतात. पण तरुणपणी त्यांनी अमरावतीहून चार ट्रॅकचं एक कॅसेट मशीन आणलं होतं आणि काही वर्षं ते गावोगावच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करत हिंडले. गाणारे एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, मृदंग-टाळ तिसऱ्यावर आणि उरलंसुरलं चौथ्यावर. ते मशीन अजून घरात आहे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, आणि ते चालतंही.

म्हणूनच बाळापूरकडच्या जयवंताबाई बाजारात भाजी टाकून त्यांच्याकडे आल्या. त्यांचे यजमान शालिकरामजी मागच्या साली देवाघरी गेले. वर्षश्राद्धाला घरी भजन बसायचं होतं आणि तिथं गावच्या भजनी मंडळाची, जानरावांनीच पूर्वी भरलेली कॅसेट सगळ्यांना ऐकवायची होती.

"फोटो हाय घरी," त्या म्हणाल्या. "आवाज कुठीच नाई. याच्यात तेवढे हायेत ते."

जानरावांनी काम मन लावून केलं. मशीनचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. फीत चिकटू नये म्हणून कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतली. रेकॉर्डिंगच्या वेळी खरखर दाबायचं जे बटण चालू होतं, ते वाजवतानाही चालू ठेवलं. पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. चारही ट्रॅक एकदम कॉम्प्युटरमध्ये उतरवले, मूळ प्रत बाजूला ठेवली आणि दुसऱ्या प्रतीवर सफाईला बसले.

सफाईची रीत सोपी. जिथं कोणी गात-वाजवत नाही असा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा. ही खरखर, एवढी काढ. मग तो तीच तेवढी सगळीकडून काढतो. तीन ट्रॅक सहज झाले. चौथ्यावर मात्र भजन संपलं तरी मागं एक बारीक घूंऽऽ चालूच होती. गावातली लाइट, दुसरं काय, असं म्हणून जानरावांनी तीच दाखवली. घूं गेली. ट्रॅक स्वच्छ रिकामा झाला.

जयवंताबाई ऐकायला आल्या तेव्हा जानरावांच्या घरच्या, लीलाबाई, चहा घेऊन तिथंच बसल्या होत्या. दोन भजनं झाली.

"केशरबाईचं गानं झाक आलं," जयवंताबाई म्हणाल्या. "पन हे कुठी गेले?"

"कोन?"

"आमचे हे."

"मागून म्हननाऱ्यात असतील ना."

"म्हनत कुठी होते जी. एक ओळ सुरात येत नव्हती त्याईले. टाळ देले त सारे चुकत. म्हनून मंडळानं सूरपेटी देली हातात. भाता हलवत बसत."

जानरावांनी कप खाली ठेवला. एकाच सुराची ती लहान पेटी. आणि त्या मंडळाचा नेम असा, की नमनापासून आरतीपर्यंत सूर तोडायचा नाही. गाणारे पाणी पिवोत की पान खावोत.

"तुमी त बाप्पा जित्या मानसालेच लाइटची घरघर समजले," लीलाबाई म्हणाल्या.

मूळ प्रत लावली. सूर होता, पण माइक लांब होता, म्हणून खरखरही सुराच्याच बरोबरीची. सूर वाढवला की तीही वाढे.

"नुसत्या खरखरीचा तुकडा पाह्यजे, बाई," जानराव म्हणाले. "तुमच्या मंडळानं सूर तोडलाच नाई. आता खरखर कशी निघनार? तुमच्या आंगनात एवढ्या लोकात ऐकू नाई यायचा हा."

जयवंताबाई पदराशी चाळा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुटला होता एक डाव."

"कवा?"

"दिवसभर वांगे तोडून आल्ते. गौळण सपली, सारे पानी पिऊन राह्यले होते, आन त्याईचा डोळा लागला. मी मांगून कोपर मारलं तवा जागे झाले. मंडळानं कितीक वर्स चिडवलं."

जानरावांनी गौळण शोधली. ती संपली. घूं मंदावत गेली आणि विझली. दोन-तीन श्वास नुसती खरखर. मग एकदम दचकून, मोठ्यानं, सूर परत आला.

"हेच ते," जयवंताबाई म्हणाल्या.

तो तुकडा जानरावांनी कॉम्प्युटरला दाखवला. खरखर निम्मीच काढली. जास्त काढली की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो. मग सूर वाढवला. आता तो केशरबाईंच्या मागं सरळ उभा राहिला, भात्याच्या चामड्याच्या करकरीसकट.

"मधली झोप काढून सूर जोडून देऊ का?" त्यांनी विचारलं. "कोनाले समजनार नाई."

"नको. मंडळातले सारे येनार हायेत. तेवढं नसलं त म्हनतील, ही पेटी दुसऱ्याच कोनाची."

जानरावांनी झोप तशीच ठेवली आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला.