आधी मी जेवले

सातवा महिना लागला आणि सासूबाईंनी माझ्या ताटातली एक भाकरी काढून घेतली. पोटात जुळं होतं. त्यांच्या माहेरी, सावनेरकडच्या खेड्यात, सातव्यापासून गर्भारणीचं खाणं कमी करत. बाळ बारीक राहिलं की बाळंतपण सोपं जातं, अशी तिथली समजूत.

"लेकरं मोठे झाले तं निघतील कसे वं?" त्या म्हणाल्या. "मी बी कमीच खाल्लं होतं."

मी गप्प बसले. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे, तरी गप्प बसले. छातीत इतकी जळजळ व्हायची की चार घासांत पोट भरायचं. वाटलं, बरंच झालं. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

पुढच्या सोनोग्राफीत एका बाळाचं वजन ठीक होतं. दुसऱ्याचं फारसं वाढलंच नव्हतं.

"कारण फक्त खाणंच असेल असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण खाणं तुमच्या हातात आहे. एकदम जात नसेल तर दर दोन तासांनी थोडं थोडं खा. डाळ, दूध, अंडी, दाणे. आणि आराम करा. दोन आठवड्यांनी बघू."

नवरा आणि मी घरी आलो तेव्हा स्वयंपाक तयार होता. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग बायका. सासरे अंघोळीला गेले होते. मी ताटात दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण घेतलं आणि खुर्ची ओढून बसले.

"अवं, बाबा जेवाचे आहेत अजून!"

"जेवतील. पोटातलं एक मागे पडलंय, आई. आधी ते."

नवरा मध्येच उभा. त्याला म्हटलं, उभाच आहेस तर दाणे भाज. त्यानं अर्धे करपवले. तेही खाल्ले.

मग दोन आठवडे मी कुणाचंच ऐकलं नाही. घरात अंडं चालत नाही, तर बाल्कनीत वेगळी शेगडी मांडून अंडी उकडली. मिहानमधल्या आयटी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये घरून, कॅमेऱ्यासमोर चावत बसले. भरदुपारी पाहुणे आले तरी पलंगावरून उठले नाही. शेजारीण म्हणाली, महाराणी झाली. झाले! रात्री मात्र पोटावर हात ठेवून त्या धाकट्याला विनवायचे, वाढ रे बाबा.

पुढच्या तपासणीहून परतले तर सासूबाई दारातच उभ्या.

"बारक्याचं काय झालं?"

"वाढलं, आई. चांगलं वाढलं."

त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

"माह्या वक्ती," त्या म्हणाल्या, "भूक लागली का म्हणून कोणी विचारलंच नाई वं."

सासरे यायचे होते अजून. मी दोन ताटं घेतली आणि पहिलं सासूबाईंपुढे ठेवलं.