काकांनी विचारलेला शेवट

पुस्तकबांधणीच्या खळीचा वास आला की मला आमच्या महाल भागातलं ते वाचनालय आठवतं. कॉलेजात असताना तिथे माझ्या मताला भलताच भाव होता. पुस्तक शेवटपर्यंत वाचायची खोड मला नव्हती, त्यामुळे मतं भराभर तयार होत. प्रवासवर्णनातला लेखक नुसता जेवतो, कवितासंग्रहात वारा फार सुटतो, हे मला चार पानांत कळे. अशीच माझ्याकडची एक रहस्यकथा, "शेवट तर अफाट!" म्हणत मी शेजारच्या काकांच्या गळ्यात मारली. ती अर्धी वाचून झाली आणि काकांना दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी माझा हात धरला. "माया जिवाचा काही भरोसा नाही गा. खून कोनं केला, मले सांगून दे." खुनी मला तरी कुठे ठाऊक होता! मी पट्टीच्या वाचकाचा आव आणला, "छे काका, मजा जाते. परत या अन् वाचा." "काहून छळून राहिला बे?" असं म्हणत, हसतच ते आत गेले. परत आले नाहीत. पुढे काकूंनी ते पुस्तक मलाच दिलं. अजूनही कधीतरी ते काढतो, काकांनी कोपरा दुमडलेल्या पानापर्यंत वाचतो. त्यांना तिथेच सोडून पुढे जायचा धीर मात्र होत नाही.