फलकाच्या पुढे पाणी नाही

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, सायकल शर्यतीचा दिवस. सकाळचं पहिलं काम म्हणजे भाताच्या वड्या कापून एकेक फॉइलमध्ये गुंडाळणं. आंबेमोहोर मऊ शिजवून, गूळ-मीठ घालून आदल्या दिवशीच ताटात थापला होता. शर्यतीत हे सायकलवर बसूनच खायचं असतं, म्हणून फॉइल एका हाताने उघडली पाहिजे. हे मला शिकवलं आमच्याकडे राहणाऱ्या स्कॉटिश बाईने. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून इथे आखातात, आमच्या वादी अदाईच्या घरातली तिची खोली रिकामी होती. उन्हाची सवय व्हावी म्हणून ही बाई शर्यतीच्या बरीच आधी आली, तेव्हा खोली तिला भाड्याने दिली.

खालच्या दुकानाचा मालक रत्नागिरीचा. ती रोज घामाघूम होऊन परतताना त्याला दिसायची.

"भाबी, ह्या मॅडमला कोण गाडी देत नाय काय?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, गाडी नको, पुढच्या वर्षीची नोकरी कोणी देतं का विचार.

ते नुसतं थट्टेतलं नव्हतं. लहानपणापासून ती गावाकडच्या डोंगरांत, चिखलात माउंटन बाइक चालवत आली. त्यात देशाकडून खेळली. मग प्रायोजक आटले आणि ती रस्त्यावरच्या शर्यतींत गेली. तिथे तिचं काम एकच. मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि पुढे नेऊन संघातल्या मुख्य मुलीला द्यायच्या. वर्षानुवर्षं हेच. आता वय झालं होतं आणि करार संपत आला होता. मॅनेजरने सांगितलं होतं की या शर्यतीत पहिल्या दहात आलीस तर आणखी एक वर्ष, नाहीतर खलास. म्हणजे खलास हा शब्द तिचा, तो तिने इथेच उचलला होता.

मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. नारिंगी जॅकेट घालून आमरातच्या चढावर उभं राहायचं आणि लोकांना रस्त्यावर येऊ द्यायचं नाही. माझ्या जरा खाली एक फलक होता. त्याच्यापुढे कोणीही खेळाडूला पाणी द्यायचं नाही. दिलं तर शिक्षा खेळाडूला. आम्हाला हे सकाळी बजावून सांगितलं होतं.

दुपारी पुढचा घोळका गेला. मागे थोड्या अंतरावर ती, एकटी. गेलेल्या मोजल्या तर ती अजून दहात होती. पण सायकलवरच्या बाटल्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या आणि ओठांवर मीठ साचलं होतं. तिने मला पाहिलं. मग माझ्या हातातली बाटली पाहिली.

"ताई, पाणी."

हे दोन्ही शब्द ती माझ्या जेवणाच्या टेबलावर शिकली होती. मी बाटली पाठीमागे धरली.

"नाही. तू दहात आहेस."

तिने मान खाली घातली आणि पेडल मारत राहिली. वळणाच्या आधीच एक जण तिच्या पुढे गेली. मग दोघी. तिची सायकल रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे जायला लागली. मागून ढकलायची सोय नव्हती, आणि ओरडून काही उपयोग नव्हता. बाटलीवरचं गार पाणी बोटांवरून ठिबकत होतं. वळणाआड ती दिसेनाशी झाली.

ती दहात आली नाही. मॅनेजरने शेवटच्या रेषेजवळच सांगून टाकलं. गाडीत मी विचारलं, तुझ्या बाटल्या गेल्या कुठे? एक तिने पिऊन संपवली होती. दुसरी, चढाच्या पायथ्याशी कानातल्या यंत्रातून हुकूम आला म्हणून, मुख्य मुलीला दिली.

"नाही म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

"हुकूम मोडला असता तरी खलासच होतं."

"आणि मी पाणी दिलं असतं तर?"

"तरी खलास," ती म्हणाली आणि बुटांचे बंद सोडायला लागली.

घरी वरण-भात टाकला. ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सायकलचे पेडल काढले, मी खोक्याला टेप लावली, आणि तिला विमानतळावर सोडलं. दारात गार पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तपासणीतून ती आत नेता येणार नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती तिथेच खोक्याला टेकून उभी राहिली, सगळं पाणी प्यायली आणि रिकामी बाटली मला परत दिली. मग मी भाजी घ्यायला गेले.