काशीनाथ शिगवणांची झोपेतली ड्युटी

काशीनाथ शिगवण भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. एकवीस वर्षं रात्रपाळी. रात्रभर डब्याला झाकण लावायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात भरायचं. सकाळी पश्चिमेला मोरव्याला घरी यायचं, आंघोळ करून चार घास खायचे आणि खिडकीला जाड पडदा ओढून आडवं व्हायचं.

डोळा लागला की पुन्हा कारखाना! स्वप्नात समोर डब्यांचा डोंगर, आणि एकाही डब्याला एकही झाकण बसत नाही. मोठं झाकण घेतलं की डबा लहान व्हायचा, लहान घेतलं की डबा फुगायचा. दुपारी उठायचे ते घामाघूम, खांदे आखडलेले.

"मी झोपेत पण कामावर असतो गं," ते बायकोला म्हणाले.

"मग झोपेत रजा टाका," सुलूबाई म्हणाल्या आणि कुकरकडे वळल्या.

लेकीने मात्र ते मनावर घेतलं. मिनल सायकॉलॉजी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. "बाबा, असं खरंच जमतं. स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळायला पाहिजे की हे स्वप्न आहे. मग पुढे काय करायचं ते तुमच्या हातात. लोक उडतात पण!"

"मला उडायचं नाही. मला फक्त तिथून सुटायचंय."

मिनलने रीतसर शिकवणी घेतली. जागेपणी दिवसातून दहा वेळा बोटं मोजायची, कारण स्वप्नात ती कमीजास्त भरतात. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा, स्वप्नात तो दाबलेल्या नाकातूनही येतो. एखादी पाटी वाचायची, मान वळवायची आणि पुन्हा वाचायची, स्वप्नात अक्षरं बदललेली असतात. सवय एवढी लागली पाहिजे की झोपेतही हात आपोआप नाकाकडे जावा. काशीनाथ मान डोलावत ऐकत होते. कामाची गोष्ट शिकवली की ती तशीच्या तशी करायची, हा त्यांचा स्वभावच.

दुसऱ्या दिवशी घरी येताना ते मोरव्याच्या नाक्यावर थांबले. तिथे मुर्ध्याच्या चांगुणाबाई बोंबील घेऊन बसायच्या. त्यांच्या टोपलीसमोर उभं राहून काशीनाथांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि श्वास ओढून पाहिला. आला नाही. म्हणजे आपण जागे आहोत.

"ए भाऊ!" चांगुणाबाई कडाडल्या. "नाक कशाला धरतंस? सकालचं मावरं हाय! वास मारतंय काय?"

"नाही हो बाई, मी बघत होतो की मी झोपलोय का."

चांगुणाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरी कोन हाय का तुज्या?" त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं. शेवटी पाव किलो बोंबील घेतल्यावरच त्यांनी वाट सोडली. तेव्हापासून काशीनाथ फक्त बोटं मोजू लागले, तीसुद्धा खिशात हात घालून.

पंधरा दिवसांनी पहिलं यश आलं. डब्यांच्या डोंगरासमोर त्यांनी बोटं मोजली आणि ती सात भरली. "सात! अगं मिनल, सात!" असं ते इतक्या जोरात ओरडले की स्वतःच्याच आवाजाने जागे झाले. मिनल म्हणाली, "सुरुवातीला असंच होतं. आनंद आवरायला शिका. स्वप्न निसटतंय असं वाटलं की हात एकमेकांवर चोळा."

आनंद आवरता आला असता, पण ड्रिलिंग मशीनचं काय करणार? वरच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन नीरजभाई घर नव्याने करून घेत होते. चार महिने रोज दुपारी घर्रर्र. स्वप्न रंगात आलं की भिंत थरथरायची. काशीनाथ तक्रार करायला म्हणून दोनदा जिना चढले होते आणि दोन्ही वेळा "केम छो" म्हणून खाली आले होते.

मग आली रविवारची वार्षिक सभा. काशीनाथ रात्रपाळी करून थेट पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. शेजारी सुलूबाई. लिफ्टच्या विषयावर त्यांना डुलकी लागली. दचकून जागे झाले तेव्हा हातात चहाचा कप होता, त्यामुळे बोटं मोजता येईनात. त्यांनी समोरची पाटी वाचली: "आपले स्वागत आहे." मान वळवली. पुन्हा वाचलं: "पाणी जपून वापरा."

काशीनाथांच्या अंगावर काटा आला. अक्षरं बदलली!

त्या आठवड्यात सोसायटीने सरकत्या अक्षरांची दिव्यांची पाटी बसवली होती. रात्री कामावर आणि दिवसा झोपेत असलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

या वेळी ते ओरडले नाहीत. कप शांतपणे खाली ठेवला, हात एकमेकांवर चोळले आणि उभे राहिले.

"नीरजभाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आपके घर में फर्निचर का काम चल रहा है या मेट्रो का? चार महिने हो गये! मैं रातभर काम करता हूँ. दोपहर को मेरे सर में ड्रिल घुसता है!"

सुलूबाईंनी त्यांचा सदरा ओढला. "अहो, खाली बसा!"

"तू घाबरू नकोस, तू खरी नाहीस," काशीनाथ प्रेमाने म्हणाले. आता एवढं जमलंच आहे तर उडूनही बघू, म्हणून ते खुर्चीवर चढले, दोन्ही हात पसरले आणि झेपावले.

ते वेफर्सच्या टेबलावर पडले. गुडघा सणकून दुखला आणि त्या कळेबरोबर सगळं लख्ख कळलं. "बापरे," एवढंच ते म्हणाले. पण तोवर मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या शुभदाताई उठून म्हणाल्या, "अगदी बरोबर बोलले! माझ्या सासूबाईंनाही दुपारी झोप नाही." वेफर्स झटकत नीरजभाईंनी हात जोडले. "अरे काशीनाथभाई, पहले बोलना था ना! मुझे क्या मालूम आप दिन में सोते हो?" दोन ते पाच काम बंद, असं तिथल्या तिथे ठरलं.

सुलूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुडघ्याला लावायला हळदीचा लेप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी खरी आहे. हात लावून बघा."

त्या दुपारी घर इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. काशीनाथांना गाढ झोप लागली. डब्यांचा डोंगर होताच. त्यांनी बोटं मोजली. सहा. ते ओरडले नाहीत, हात चोळले. कारखाना जागच्या जागी राहिला. मुकादम लांबून हाका मारत होता, त्याला त्यांनी हात दाखवून थांबवलं. मग पॅकिंगच्या टेबलाखाली दोन खोकी उलगडून पसरली, उशाला कागदाचा गठ्ठा घेतला आणि ते आडवे झाले.

पाच वाजता उठले तेव्हा खांदे हलके होते. मिनल वही-पेन घेऊन समोरच बसली होती. सगळं ऐकून तिचा चेहरा पडला.

"बाबा! स्वप्नात जागे झालात आणि झोपलात? दर्यावरून उडायचं, डोंगरीच्या टेकडीवर उतरायचं, काहीतरी करायचं ना!"

"करणार होतो गं," काशीनाथ चहात बटर बुडवत म्हणाले, "पण कारखान्यात कोणी मला कधी झोपू दिलं नव्हतं."

मिनलने थोडा वेळ पेनाचं टोपण चावलं. मग वहीत तारीख घातली आणि त्यांनी सांगितलं तेच लिहून घेतलं.